शिल्लक

मोहाडीच्या प्री-कूलिंगला पोहोचले तेव्हा सव्वा वाजला होता,
गाडीवर मागे पान्यांची पिशवी, पुढे नुसती थंडी.
लाईट अकरालाच गेलेली.
आत साडेआठ टन थॉमसन, पेट्यांत निजलेली,
आणि कडलगबाई दर दहा मिनिटांनी
काचेला टॉर्च लावून आकडा वाचणार:
दोन. साडेतीन. चार.

जनरेटर सुरू होतो, म्हणाल्या, टिकत नाही.
दमेकऱ्यासारखा चढतो, उतरतो,
पुन्हा चढतो,
मग एक उचकी, आणि बंद.
"डिझेल फुल्ल आहे ताई," गांगुर्डे वॉचमन
टाकीत काठी बुडवून दाखवतो.
काठी खरंच ओली.

मी खैरनार अण्णांना फोन लावला, सातपूरला.
सुनेनं उचलला. जागेच असतात, म्हणाली,
पण ओळखत नाहीत हो कुणाला.
ठाऊक आहे. गेल्या महिन्यात मला
बँकेची बाई समजून त्यांनी माझ्या वहीत सही केली होती.
म्हटलं, तू कानाला लाव फक्त,
आणि फोन इंजिनाजवळ धरला.

चढणं. उतरणं. उचकी.
बराच वेळ काहीच नाही.
मग तो जुना, ग्रीस लागलेला आवाज:
"हवा पितंय. फिल्टरच्या पुढं नको बघू,
टाकीकडं बघ. वायसर."
आणि लगेच: "कोण बोलतंय?"

वायसरच होतं.
तांब्याचं, बोल्टाखालचं, चपटं झालेलं जुनंच
कुणीतरी पुसून परत लावलेलं.
तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते,
म्हणून खाली डाग नाही, म्हणून कुणाला दिसत नाही.
नवं घातलं. ब्लीड स्क्रू दोन आटे सैल,
हातपंप अंगठ्यानं दाबत राहिले:
आधी फेस,
मग फेसात डिझेल,
मग डिझेलात एखादा बुडबुडा,
मग तोही नाही.

आता त्यानं एक सूर धरला,
पायाखालचा कोबा थरथरू लागला.
कडलगबाई हसल्या.
मी मीटर पाहिला.
व्होल्ट शून्य. नाही, एक की दोन.

ब्रेकर ठीक. एव्हीआरचा फ्यूज ठीक.
या हंगामात लाईट अशी गेलीच नव्हती,
गेल्या एप्रिलपासून हा ताडपत्रीखाली,
महिन्याला पंधरा मिनिटंही कुणी फिरवला नाही.
मॅन्युअल ही गोष्ट दीड ओळीत उरकतं,
अण्णांनी मला दोन वर्षं सांगितली:
वीज काढायला आधी चिमूटभर वीज लागते, पोरी,
आणि ती लोखंडात शिल्लक असते,
मागच्या वेळची.
त्या उष्ट्यावर मशीन पुन्हा उठतं.
फार दिवस नुसतं उभं ठेवलं
की लोखंडही विसरतं.

इंजिन बंद. एव्हीआरच्या दोन वायरी सोडवल्या,
बारा व्होल्टची बॅटरी, प्लसला प्लस,
पुन्हा एकदा टॉर्च मारून: प्लसला प्लस.
एक, दोन, तीन.
काढताना टिकलीएवढी ठिणगी.

स्टार्टर.
सुई जरा थबकली, मग निघाली,
नव्वद, दोनशे, तीनशे साठ,
चारशे पंधरावर येऊन बसली.
कॉम्प्रेसर एकेक करून घेतले, घाई नाही;
पहिल्या ओझ्याला इंजिन वाकलं,
काळा धूर टाकला, सावरलं.
काचेमागे पाच पूर्णांक दोन.
बऱ्याच वेळानं, पाच पूर्णांक एक.

जानोरी फाट्यावर चहा घेतला तेव्हा
उजाडत होतं. बशीलाही डिझेलचा वास.
खिशात ते चपटं वायसर,
बिल करायचं राहिलंच होतं.
सुनेचा फोन:
"रात्रभर एकच विचारतायत, वायसर निघालं का?"
म्हटलं, निघालं म्हणावं. तांब्याचंच होतं.
"कोण म्हणालं, सांगू?"

चहावाला तेवढ्यात सुटे मागत होता.