पावती फाडलेली नाही

एकतीस वर्षं नोटा तपासल्या मी, जेलरोडच्या प्रेसमध्ये.
ताव उजेडाकडे धरायचा.
शाई फाकली, नंबर घसरला
की लाल खूण. बाद.
सुटताना गेटवर अंगझडती, रोजची.
त्यामुळे लोकांना वाटतं, पैशातलं मला कळतं.
म्हणून अभ्यासिकेचा खजिनदार मी.

परवा आहेररावशेठ आले.
पाचशेची एक गड्डी, कोरी,
बँकेचा पट्टाही न सुटलेली.
"पगारे, तुमच्या तर आडनावातच पगार!"
सगळे हसले. मी जरा आधीच हसलो.

पंखे घ्या म्हणाले. पोरांना गार पाणी द्या.
पाटी नको, नाव नको.
मग बशीतल्या चहावर फुंकर घालत,
साखर जास्त झाली म्हणावं तितक्या सहज,
"ती बागवानांची बाई तेवढी काढा.
त्यांच्या हाती आपली पोरं देऊ नयेत."
'आपली' म्हणताना हात माझ्या खांद्यावर.
आज्याचा हाच खांदा सुजला होता
काळारामाच्या दाराशी.

भिंतीपलीकडे नसरीन अपूर्णांक शिकवत होती.
आधी छेद समान करून घ्या,
त्याशिवाय बेरीज होत नाही.
आवाज थांबला.
मग पुन्हा तेच वाक्य, थोडं मोठ्यानं.

आणि मी काय म्हणालो?
बिस्कीट घ्या म्हणालो.

रात्री कुलूप लावता लावता ती म्हणाली,
घ्या सर.
पंख्याला कुठं माहीत असतं, कोणाच्या पैशावर फिरतोय.
ती नाही म्हणाली असती
तर किती सोपं होतं.
तिनं हो म्हटलं,
आणि माझं हो घशातच राहिलं.

घरी गड्डी ट्यूबलाइटकडे धरून पाहिली.
जुनी सवय.
जलचिन्ह जागेवर, धागा जागेवर.
कागदात तो माणूस कुठेच नाही.
दुसऱ्या दिवशी ठेवून दिली
अभ्यासिकेच्या खणात, खडूच्या डब्याखाली.

मंगळवारी वायरमन आला, हातात पक्कड.
अठराशे नव्वद थकलेले.
वर सोळा पोरं बसलेली,
रविवारी तलाठी भरतीचा पेपर.
मी पट्टा तोडला. चार नोटा दिल्या.
संध्याकाळी पेन्शनमधल्या चार आणून घातल्या,
मळक्या, घडीवर विरलेल्या.

मोजल्या तर शंभर भरतात.
नंबरांचा क्रम कुठं तुटलाय ते मलाच माहीत.
आता परत करायचं म्हटलं तर
परत काय करू?
आणि वायरमननं दिलेले एकशे दहा सुटे
शर्टाच्या खिशात आहेत अजून.
ते कोणाचे?

पावतीपुस्तकात कार्बन घालून ठेवलाय.
'श्री.' आणि 'यांजकडून' यांच्यामधली
रेघ कोरी.

आज नसरीन खडू मागायला आली.
डबा काढून दिला,
आणि खण असा लोटला
की जणू गेटवर आहे मी,
सुटायची वेळ झालीय,
आणि झडती घेणारी
समोर उभी.