चिलटांचा महिना

मे सरता सरता कूनो गाडीचा बंपर उतरवतो.
मुस्तवेला तळ्याकाठी तेव्हा चिलटं इतकी
की बोलायला तोंड उघडायची सोय नाही.
तसा तो हिवाळ्यातही उघडत नाही.

इंटरकूलर मांडीवर आडवा.
पात्यापात्यांत चिलटं, रस्त्यावरचं मीठ,
आणि चतुराचा एक पंख, अख्खा.
तो त्याने खिशात टाकला. मी विचारलं नाही.

मग आत रॉकेल, दोन्ही तोंडं दाबून
बाटली विसळावी तसं हलवलं.
पहिलं काळं निघालं, दुसरं चहासारखं.
तिसरं उजेडात धरून त्याने नाक लावलं :
"चमचाभर तेल. टर्बो अजून धड आहे."
त्या दिवसातलं सगळ्यात लांब वाक्य.

वाकलेली पाती सरळ करायला
कुठून तरी काढली आमच्या लीसीची उवांची फणी,
ती दुसरीत असतानाची.
आता ती तार्तूला असते, डोकं भादरून.
दात आडवा न लागू देता, ओळीनं, हळू हळू...
ती रडायची माझ्या हाताखाली. त्याच्या नाही.

रात्रभर माळ्यावर वाळला,
कांद्याच्या वेण्या संपून रिकाम्या झालेल्या खुंटीवर.
सकाळी नळ्या, पट्ट्या. इंजिन रेटून
सांध्यांवर साबणाचं पाणी : एक फुगा आला.
स्क्रूला अर्धा फेरा. बसला.

इथे चढ एकच, दफनभूमीचा.
तिथे त्याने पाय दाबला.
शिट्टी वाजली, मागून कुणी ढकलावं तशी गाडी उसळली,
मी मोठ्यानं हसले,
आणि काचेवर पहिलं चिलट फुटलं.

"झालं सुरू," कूनो म्हणाला.