हिला लालही दिसतं

शारजा, ऑगस्ट. रात्रीचा दीड
आणि बाहेर अजून छत्तीस.
चिलर दमला की लेझर रुसतो,
म्हणून मोइदू पाण्याच्या नळीला कान लावून बसलाय,
आजारी म्हशीच्या पोटाला लावावा तसा.

चिमूटभर रंग.
पातळ द्रावणात रेणू सुटे सुटे,
ज्याचं त्याचं शोषण, पसरट, मळकट.
मीठ घातलं, गार केलं, काचेवर थर दिला
की खेटून उभे राहतात
आणि आलेखावर एकच सुळका, सुरीच्या पात्यासारखा.
आता उजेडाचा कण आत पडला
तर तो कुणा एकाचा नसतो.
रांगभर हिंडतो.
विचारलं तर जो तो म्हणेल, माझ्याकडेच होता.

कराडला अण्णांच्या स्टुडिओत
यांचेच भाऊबंद होते, फिल्मच्या थरात.
अण्णांना नाव ठाऊक नव्हतं.
एवढंच ठाऊक, की ही नवी फिल्म
लाल दिव्यातही उघडायची नाही.
"हिला लालही दिसतं," म्हणायचे,
दिवा मालवायचे
आणि नुसत्या बोटांनी काम करायचे.

मी तीव्रता वाढवत नेते.
दुप्पट केली, चकाकी दुप्पट.
चौपट केली,
चकाकी चौपट नाही.
दहापटीला आलेख मान टाकतो.
आत दाटी झालीय.
हिंडणारे दोघे एका जागी गाठ पडतात,
एक आपलं सगळं दुसऱ्याच्या पदरात टाकून विझतो,
दुसरा क्षणभर भलताच उंच चढतो
आणि ऊब होऊन घसरत खाली येतो.
दोन होते, एक उरला.
सेकंदाच्या कितव्या भागात, ते मी वहीत लिहिते.
गेला तो कोण, याला वहीत रकाना नाही.

"अजून किती वाढवणार, मॅडम?"
एकदाच, म्हणते.

एकदाच केलं.
गुलाबी थरात, किरण पडत होता तिथे,
टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं.
तिथे आता काहीच दिसत नाही, कुणालाच,
लालही नाही.
अण्णा बिघडलेल्या निगेटिव्ह टाकायचे नाहीत;
खालच्या खणात असायच्या, रबर लावून.
मी काच पाकिटात घालते, तारीख घालते.

बाहेर पाऊल टाकलं
आणि चष्मा वाफेनं भरला.
अजमानकडे जाणाऱ्या रस्त्याचे दिवे
एकमेकांत सांडले, कुठला कुठे संपतो कळेना.
मी पदर शोधते.
"लगेच पुसू नका," मोइदू म्हणतो,
"पुन्हा धरेल.
आधी काच तापू द्या."