एका केत्सालला किती

आधी आठ यायच्या एका केत्सालला.
मग सात.
सातवर मी दोनच आठवडे टिकले,
विषम आकड्यावरून गिऱ्हाइकाच्या घरात भांडणं लागतात
आणि ती फिरून माझ्याच दाराशी येतात.
म्हणून सहा.
आता चार, त्याही
तळहातावर जरा पातळ थापलेल्या.
डोन्या फिदेलियाला हे कळतं. ती बोलत नाही.
एक टॉर्टिया उजेडासमोर धरते
आणि तिच्यातून माझ्याकडे बघते.

मका रात्रभर चुन्याच्या निवळीत भिजतो.
पहाटे सालं सुटतात, पाणी पिवळं होतं,
हाताचा वास दिवस मावळला तरी जात नाही.
मक्याबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच.
बाकीचं दुसऱ्यांना ठाऊक असतं.

कासिमिरो पोतं उतरवता उतरवता म्हणतो, डिझेल.
ट्रक काय वाऱ्यावर चालतो, बाई?
शाळेतले मास्तर म्हणतात, समुद्रापलीकडे गहू करपला,
आणि गव्हाला चटका बसला की फोड मक्याला येतो.
रेडिओ म्हणतो, शिकागोत काही माणसं
न उगवलेला मका विकतात
कधी न भेटलेल्या माणसांना.
त्यांच्या हाताला वास येत नसणार.
माझा दीर म्हणतो, खाली किनाऱ्याकडे
आपण खंडाने कसायचो ना, तो तुकडा,
तिथे आता ऊस उभा आहे, पार नदीपर्यंत.
एवढ्या उसाचं करतात काय?
गाड्यांना पाजतात, म्हणाला.
तो स्वतः पितो, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

मग रविवारी अनास्तासिओचा फोन आला, नेब्रास्काहून.
कत्तलखाना सोडला, आई. आता मक्याच्या कारखान्यात.
मला बरं वाटलं. म्हटलं, पीठ करता?
नाही.
मग गुरांचं खाणं?
चोथा जातो गुरांना. बाकीचं पेट्रोलमध्ये.
तो टाक्या धुतो. कमरेला दोर बांधून आत उतरतो.
एकेक टाकी आपल्या चर्चएवढी,
आणि पहाटे असा वास सुटतो, आई,
की तू शेजारच्या खोलीत आहेस असं वाटतं,
फक्त जरा आंबलेली.

मी विचारलं, एका गाडीचं पोट भरायला किती मका?
विचारून सांगतो म्हणाला.
पुढच्या रविवारी सांगितलं:
निव्वळ त्याच्यावरच भरली तर तीन पोती.
पण निव्वळ कुणी भरत नाही, दहात एक भाग मिसळतात,
असं तो घाईघाईने म्हणाला,
जणू मी त्याच्यावर आळ घेतला होता.
तीन पोती म्हणजे माझा दहा दिवसांचा धंदा.
मी तसं म्हटलं नाही.
विचारलं, दोर नीट बांधतोस ना.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्याचे पैसे येतात.
बँकेची रांग, तिथून थेट कासिमिरो.
मका इथल्याच डोंगरातला,
भाव तेवढा बाहेरून आलेला.
अनास्तासिओचा पगार वाढला, तो जास्त पाठवतो,
आणि घरी येतं तेवढंच पोतं.
मे महिन्यात तर जरा हलकंच.
कासिमिरो मापात पाप करत नाही. मी उभी राहून बघते.
काट्यावर त्याचा हात नसतो.
कुणाचाच हात नसतो,
तरी काटा हलतो.

काल डोन्या फिदेलिया नातीला घेऊन आली.
पोरीने चार मोजल्या, मग परत मोजल्या,
मग कोमालखालच्या जाळाकडे बघत राहिली.
मी पाचवी दिली नाही.
दिली असती तर आज दारात रांग लागली असती.
हे मी रात्री स्वतःला दोनदा सांगितलं.

आज फोनवर त्याने सहज विचारलं,
हल्ली एका केत्सालला किती देतेस?
सहा, म्हटलं.
पलीकडे यंत्राची घरघर चालू होती.
तो काही बोलला नाही.
टॉर्टिया उजेडासमोर धरावी
तसा थोडा वेळ शांत राहिला.