घरचा शिक्का

रामदासपेठेत, रक्त तपासायच्या लॅबच्या तळघरात
रात्री पावणेदोनला एक मशीन उठत नव्हतं.
मशीन म्हणजे खरं तर मशीन नाहीच,
मशीनच्या पोटातलं दुसरं, हात न लागणारं,
ज्याच्यात अकरा वर्षांचे रिपोर्ट झोपलेले.
संध्याकाळी मीच त्याला नव्या डिस्कवर आणलं होतं,
आणि आता 'सुरू हो' म्हटलं की तीच ओळ:
परवानगी नाकारली.

नाकारली कोणी?
मालक तोच. वाचायची मुभा, लिहायची मुभा,
सगळी अक्षरं जागच्या जागी.
मग चिडून सगळ्यांना सगळं देऊन टाकलं,
सात सात सात,
शेवटच्या पंगतीला पातेली उघडी ठेवतात तसं.
तरी नाही.

वर मे महिना. रात्रीही भिंतीला हात लावावा तर तवा.
एसी धापा टाकत होता.
मरस्कोल्हे काका जिन्यात डोकावले:
'गेटवरचा कूलर आणू काय मॅडम?'
नको काका, इथे ओल चालत नाही.
'काऊन? मशीनले का सर्दी होते?'

फोनवर बारापात्रे सर, झोपेतून:
'अगं ती सिक्युरिटीच बंद कर ना, एक ओळ आहे.
बाकीचं उद्या पाहू.'
ती ओळ मला पाठ आहे. सगळ्यांनाच असते.
तिने मशीन उठतं,
आणि ते 'उद्या'
मी तीन नोकऱ्यांत एकदाही पाहिलेलं नाही.

ओळ टाइप केली. एंटरवर बोट होतं.

याच काकांनी पहिल्या रात्री
मला गेटवर पाऊण तास बसवलं होतं.
नाव?
निनावे.
'असं कसं निनावे? नाव सांगा ना बाई.'
आडनावच आहे हो.
'ते असन. पण यादीत नाई.'
ओळखपत्र पाहिलं, हसले,
खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं,
आत सोडलं नाही.
नाव यादीत चढलं तेव्हा स्वतः उठून दार उघडलं.
घरी जाऊन मी काय काय बोलले होते त्यांना.

ओळ पुसली.
नोंदवही उघडली, जिच्यात पहारा
आपले नकार लिहून ठेवतो आणि कोणी वाचत नाही.
चौऱ्याण्णव नकार, सगळ्यांचं कारण एक:
फोल्डरवर शिक्का आहे, 'घर'.
माझ्याच खात्यातून उचलून आणला होता ना तो.
नक्कल केली असती तर नव्या जागेचा शिक्का बसला असता;
हलवलेली वस्तू जुना शिक्का अंगावर घेऊन येते.
आणि असल्या पोटातल्या मशीननी
कोणाच्या घरात शिरायचं नसतं.
एवढंच.

काकांना सांगितलं. तंबाखू मळता मळता म्हणाले,
'आमचं गाव धरणात गेलं तवा मी चौथीत.
अजून कोणी इचारलं तर तेच सांगतो.
नव्या वस्तीचं नाव तोंडात येतच नाई.'
मग जरा थांबून,
'तुमच्या फोल्डरचं बदलता येते काय?'

येते, म्हटलं. आणि घाईत नियम न लिहिता
नुसतेच शिक्के पुन्हा मारले,
तर बसला 'कशाचाच नाही' असा शिक्का.
निनावे.
एकटीच हसले तळघरात.
मग आधी नियम लिहिला: या जागेतलं सगळं
मशीनच्या डिस्कचं. मग शिक्के.
तीन वाजून दहा मिनिटांनी
काळ्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या,
पहारा जागाच होता.

साडेसहाला उपाशीपोटी माणसं येऊ लागली,
बाह्या आधीच वर केलेली.
काका एकेकाची चिठ्ठी पाहत होते, डोळ्यांपासून लांब धरून.
कोपऱ्यावरच्या ठेल्यावर मी पोह्यांत तर्री जास्त मागितली.
सरांचा मेसेज आला: बंद केलं होतंस ना?

बोटं तेलाने लाल झाली होती.
उत्तर नंतर दिलं.