फूल कोणतं

झिबलजी धकाते, साचेवाला, रात्रपाळी.
माझा बाप एकदाच निवडून आला.
पाच वर्षं नगरसेवक, सायकल तीच,
मोडका स्टँडही तोच.
तांडापेठेत नळ त्यानं आणला.
पहाटे साडेचारला पाणी येतं, अजून.

चौऱ्याहत्तरचा मे. रेल्वेचा संप.
युनियनच्या बाकावर कुणी पेपर मोठ्यानं वाचला:
पोर्तुगालात सैनिकांच्या बंदुकीत लाल फुलं,
तुरुंगातून सुटलेला लेथवाला
चौकात भाषण करतोय.
सगळे भाषणावर बोलत बसले.
बापानं विचारलं, "फूल कोणतं?"

भर दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधून,
तो महाराजबागेतल्या माळ्याकडे गेला.
"कार्नेशन? इथं नाही जगत बापा. थंडी लागते त्याले."
"पाहू," म्हणाला.
डालड्याच्या डब्यात काय काय पेरलं,
सदाफुली तेवढी आली.

काल सीताबर्डीला मिळालं.
पुण्याहून बर्फाच्या पेटीत येतं म्हणे.
एकाचे तीस रुपये.
तिरडीवर ठेवायला एकच घेतलं,
घासाघीस केली नाही.

त्यानं केली असती.
आणि मग दुकानातल्या पोराला विचारलं असतं,
पगार किती,
सुट्टी कधी.