दुसऱ्या गिअरमध्ये

ओराव्याच्या खोऱ्यात मार्चमध्ये
चिखल आणि बर्फ यांचं अजून मिटलेलं नसतं.
हेर्मीनाच्या गोठ्यात, जिथे आता गाय नाही,
गोणपाटाखाली जावा. अकरा वर्षं.
सीटवर कोंबडीनं एकदा अंडं घातलं होतं, म्हणे.

इंजिन लागलं, हेच नवल.
आधी निळा धूर, मग खोकला, मग सूर.
पण क्लच दाबून गिअर टाकला
की गाडी धसकन उडी घ्यायची आणि मरायची.
दाबला काय, न दाबला काय,
आतल्या प्लेटा एकमेकींना सोडायला तयार नाहीत.

मी हातोडी आणली.
"ठेव ती," म्हणाली.
चौतीस वर्षं गुरांची डॉक्टर होती ती,
गाय अडली की अर्ध्या रात्री
दोऱ्या, साबण, खांद्यापर्यंतचे हातमोजे पिशवीत कोंबून
हीच गाडी घेऊन निघायची.
"ओढून बाहेर येतं, वेंडेलिन,
पण कसं येतं ते मी पाहिलंय."

सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली.
लिव्हर मुठीशी आवळून बांधला
आणि आम्ही आपापल्या घरी झोपायला गेलो.
रात्रभर तो तिथे,
अंधारात श्वास धरून बसल्यासारखा.

सकाळी दुसरा गिअर टाकून पुढे-मागे ढकललं.
चाक फिरेना, नुसतं चिखलात घसरत राहिलं.
मी दमलो. ती माझ्याहून सव्वीस वर्षांनी मोठी,
ती दमली नाही.

शेवटी झाकण उघडलं.
तेल कसलं, काकवी.
प्लेटा भिजून वाळलेल्या पत्त्यांच्या कॅटासारख्या.
स्वयंपाकघरातून लोण्याची बोथट सुरी आणली तिनं,
आधी बोट, मग सुरी, कडेकडेनं.
डोळे मिटलेले. चष्मा कपाळावर.
पहिली सुटली तेव्हा आवाज एवढासाच: च्च.

पेट्रोलच्या परातीत एकेक धूत
ती मोजायला लागली, आकड्यांनी नाही:
ही मालिना, पायाळू वासरू.
ही रिसुला, जुळी, दोन्ही जगली.
ही स्त्राचेना, लाथ इथे, बरगडीत, अजून दुखते पावसात.
चौथी हातात घेऊन थांबली.
बराच वेळ पुसली ती,
स्वच्छ झाल्यावरही.
पाचवीचं नाव घेतलं नाही.
मीही विचारलं नाही; स्प्रिंगा शोधत होतो,
एक गडगडत गव्हाणीखाली गेली होती.

दुपारी नवं तेल, केबलला दोन आटे.
तिनं किकचा दांडा मारला, तोच खाली पाडून
गिअर टाकला. टक्.
गाडी जागची हलली नाही.
लिव्हर दाबून ती नुसती बसून राहिली,
खाली इंजिन धडधडतंय, वर ती.
मला वाटलं, आता काही बोलेल.

"वेंडेलिन," म्हणाली,
"दार."